जुन्या फायबर बोटीतली जिवंत मासळीची टाकी गळतेय? दुरुस्तीचा पूर्ण क्रम

मासे वाढवायच्या पिंजऱ्यांपर्यंत बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) न्यायची असते, किंवा मरळ-तिलापिया जिवंतच काठाला आणायची असते, म्हणून बोटीत पाण्याची टाकी ठेवलेली असते. बोट जुनी झाली की ही टाकी गळायला लागते आणि ठरलेला प्रकार सुरू होतो. बोटीच्या बुडाशी पाणी दिसलं की तिथं एम-सील थापायचं, आठवड्याने परत पाणी दिसलं की सिलिकॉन मारायचं, तरी थांबलं नाही की फायबरवाल्याला बोलावून वरून मॅट (काचतंतूंची चादर) चढवायची. पैसे गेले, हंगाम गेला, गळती जागेवरच.

चूक मालात नसते, क्रमात असते. गळती शोधायच्या आधीच माल लावला जातो, ओल्यावर लावला जातो आणि बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने लावला जातो. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. कोल्हापूरकडचा जलाशय राधानगरी असो, काळम्मावाडी असो की पाटगाव, बोट पॉलिस्टर फायबरची असेल तर पद्धत हीच.

## कामाआधी: वेळ, जागा, सामान

हे काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंत उरकायचं. पावसाळ्यात फायबरचं काम काढूच नका. राधानगरीकडच्या हवेत तेव्हा इतका दमटपणा असतो की जुनं फायबर आतून वाळत नाही आणि पॉलिस्टर रेझिन वरून चिकट राहतं. एप्रिल-मेमध्ये धोका वळवाचा. तो बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून लेप चढवायचं काम सकाळी धरा आणि वर ताडपत्री बांधलेली असू द्या. ताडपत्री पावसासाठी तर हवीच, पण सावलीसाठीही हवी. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या फायबरवर रेझिन ओतलं तर ब्रश फिरवायच्या आत ते घट्ट होतं.

टप्पा १ मधल्या तपासण्या बोट पाण्यात असतानाच उरकून घ्या. मग बोट पाण्याबाहेर काढून समतल जागेवर, लाकडी ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरांवर ठेवा. पाणसळ लावून पाहा. बोट एका अंगाला कलली असेल तर पुढे पाण्याच्या पातळीवरून जे निदान करायचंय ते सगळं चुकेल. ठोकळे बुडाखालच्या मजबूत कण्यांच्या रेषेत द्या, मधल्या पातळ भागाखाली नको. टाकी भरल्यावर वजन किती पडतं ते आधी मोजा: ९० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ४५ खोल टाकीत सुमारे २४० लिटर पाणी बसतं, म्हणजे २४० किलो.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून ठेवा. टाकीतला गाळ, खवले, शेवाळ कडक ब्रशने घासून काढा. साबण वापरलात तर तीन-चार पाण्यांनी धुवा.

सामानात हे लागेल: निळीची पूड, खडू, मार्कर, टॉर्च, पाच रुपयांचं नाणं, ब्लेड, फ्लॅप डिस्क लावलेला ग्राइंडर, ८० नंबरचा पॉलिश पेपर, ॲसिटोन, सुती चिंध्या, ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, रेझिन दाबायचा धातूचा खाचांचा रोलर, एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे. रेझिन आणि मॅट आत्ताच आणू नका. कदाचित लागणारच नाही.

## टप्पा १: खरंच टाकी गळते का?

पाणी कमी होतंय म्हणजे टाकी फुटली असं नाही. आधी तीन गोष्टी बाजूला काढा.

उलटं ओढलं जाणारं पाणी. पंप बंद केल्यावर टाकीतली पातळी भराभर उतरते, पण बुडाशी पाणी दिसत नाही, असं असेल तर संशय पंपावर घ्या. पंपाच्या नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याखाली बुडालेलं असेल, तर पंप थांबताच तेच पाणी उलट्या वाटेने जलाशयात ओढलं जातं. तपासायला अर्धा मिनिट लागतो. बोट पाण्यात असतानाच नळीचं तोंड पाण्याच्या वर उचलून धरा. पातळी थांबली तर टाकी शाबूत आहे. नळीचं तोंड कायमचं ओव्हरफ्लोच्या भोकापेक्षा वर बांधा, काम संपलं. काही जण मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह बसवतात. चालतो, पण जलाशयातला गाळ त्याच्या झडपेत अडकतो आणि एक दिवस तो दोन्हीकडून उघडाच राहतो. मला नळी वर घेणंच जास्त भरवशाचं वाटतं.

ओव्हरफ्लोची नळी. ही नळी बुडाखालून फिरवून बाहेर काढलेली असते आणि वाकणावर निखळते किंवा चिरते. मग टाकी पूर्ण भरली की बुडाशी पाणी आणि थोडी रिकामी झाली की गळती बंद. माणूस चक्रावतो, पण कारण साधं असतं.

बाहेरून आत येणारं पाणी. टाकी पूर्ण रिकामी ठेवून बोट रात्रभर पाण्यात बांधा. सकाळी टाकीत किंवा बुडाशी पाणी असेल, तर बोटीच्या तळातून आरपार गेलेली फिटिंग गळतेय. ही गळती वेगळी आणि जास्त धोक्याची आहे. ती मिटेपर्यंत बोट पाण्यात उभी ठेवू नका.

> सावधान: तळातल्या फिटिंगवर बंद करता येणारा बॉल व्हॉल्व्ह नसेल तर पहिली खरेदी तीच. सोबत भोकाच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी त्या फिटिंगलाच दोरीने बांधून ठेवा. फिटिंग मोडली तर खुंटी ठोकून काठापर्यंत येता येतं.

## टप्पा २: पातळीवरून गळतीची उंची काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बहुतेक जण हा टप्पा गाळतात, कारण यात हाताला काही लागत नाही, नुसतं थांबायचं असतं.

बुड कोरडं पुसून घ्या. टाकीच्या आतल्या भिंतीवर मार्करने दर पाच सेंटिमीटरला खूण करा. बूच, पंपाची फिटिंग, ओव्हरफ्लोचं भोक आणि भिंतीतले स्क्रू यांच्या उंचीही लिहून ठेवा. मग पहिल्यांदा फक्त बूच बुडेल इतकंच पाणी भरा आणि थांबा. बुडाशी ओल आली नाही तर पुढच्या खुणेपर्यंत भरा. असं चढत जा. ज्या खुणेला ओल सुरू होते, तिच्या आणि आधीच्या खुणेच्या मध्ये गळती आहे.

आता उलटी खात्री. टाकी पूर्ण भरून झाकून रात्रभर ठेवा. पातळी उतरत उतरत एखाद्या उंचीला येऊन थांबली, तर भोक त्या उंचीला. शेवटच्या थेंबापर्यंत उतरली, तर दोष तळात, बुचात किंवा तळ-भिंतीच्या सांध्यात.

टाकीशेजारी त्याच पाण्याची एक बादली भरून, तसंच झाकून, पातळीची खूण करून ठेवा. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये पाणी वाफ होऊनही उतरतं. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच टाकीत उतरलं असेल, तर तुम्ही हवेशी भांडताय.

उतार किती याचाही हिशेब ठेवा. टाकीचा तळ १०० बाय ६० सेंटिमीटरचा असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ६ लिटर गेलं. हा आकडा लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर ताडून बघायला लागेल.

उंची कळली, आता जागा. टाकीच्या बाहेरच्या अंगाला हात पोचत असेल तिथं कोरड्या फायबरवर खडूची पूड चोळा आणि टाकीतल्या पाण्यात नीळ कालवा. गळती बारीक असेल तर पाणी टपकत नाही. पांढऱ्या पुडीवर आधी करडी रेघ उमटते, मग तिच्या वरच्या टोकाला निळसर ठिपका दिसतो. रेघ जिथं संपते तिथं बघू नका, सुरू होते तिथं बघा. पाणी कण्यावरून, वायरीवरून, नळीच्या अंगावरून दोन-दोन फूट सरकतं आणि मग टपकतं. एका बोटीत पाणी कायम इंजिनाकडच्या कोपऱ्यात साचायचं, म्हणून तो कोपरा दोनदा फायबरने मढवला होता. गळत होतं टाकीच्या बुचाचं वायसर. बोट मागच्या बाजूला जड, म्हणून पाणी तिकडं धावायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

> तपासणी: ठोकळ्यांवर टाकी अजिबात गळत नाही आणि पाण्यात गळते, असं झालं तर टाकी भरून दोन माणसांना बोटीच्या कडांवर आळीपाळीने वजन द्यायला सांगा. हलल्यावरच उघडणाऱ्या चिरा अशाच सापडतात.

नीळ वापरली असेल तेव्हा टाकीत मासा नको, आणि परीक्षा झाल्यावर टाकी धुऊन काढा.

## टप्पा ३: उघडा आणि वाळवा

जुन्या बोटींत टाकी आणि बुड यांच्या मध्ये बहुधा फोम किंवा प्लायवूड असतं. गळती जुनी असेल तर ते पाणी पिऊन बसलेलं असतं. नाण्याने टाकीचा तळ आणि भोवतालचा भाग ठोकत जा. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. ओल्या किंवा सुटलेल्या जागी बद्द. बद्द भागाभोवती खडूने रेघ ओढा. नक्की कळत नसेल तर बाहेरच्या बाजूने ६ मिलिमीटरचं भोक पाडून भुसा बघा. पिवळसर कोरडा आला तर ठीक. काळपट आणि चिकट आला तर आतलं लाकूड कुजलंय, ते काढावंच लागेल.

हात पोचत नसेल तर डेकमध्ये तपासणीचं गोल झाकण बसवा. भोक पाडायला जीव धजत नाही हे खरं, पण न बघता केलेल्या कामाला काही अर्थ नाही, आणि पुढच्या वेळी तेच झाकण उपयोगी पडतं. टाकी सुटी असून स्क्रू-बोल्टवर बसवलेली असेल तर सरळ बाहेर काढा. निम्मं काम सोपं होतं.

ओला फोम पिळून वाळत नाही. तो खरवडून काढा, नंतर नवीन भरा. उरलेला भाग पंख्याच्या वाऱ्याने आणि बाजूने येणाऱ्या उन्हाच्या उबेने वाळू द्या. याला दिवस नाही, आठवडे लागू शकतात. ब्लो लॅम्प मारून घाई करू नका. वरचा थर तापतो, आतलं पाणी आतच राहतं आणि जुन्या रेझिनचे थर फुगून सुटतात.

> तपासणी: संध्याकाळी दुरुस्तीच्या जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून ओल आहे. प्लास्टिक कोरडं निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: आधी फिटिंग, मग फायबर

गळतीची जागा फिटिंगच्या आसपास असेल तर फायबरला हात लावायच्या आधी सगळ्या फिटिंग उघडून नव्याने बसवा. यातच गळती थांबण्याची शक्यता चांगली, आणि खर्च थोडा.

१. फिटिंग काढा. जुनं सीलंट ब्लेडने खरवडा. जुनं सिलिकॉन असेल तर सावध राहा. ॲसिटोनने ते विरघळत नाही, नुसतं पसरतं, आणि त्याच्या अदृश्य थरावर ना रंग धरतो ना रेझिन ना दुसरं सीलंट. ब्लेडने आधी काढा, मग पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोन शेवटी.

२. भोकाच्या कडेत बघा. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड किंवा फोम उघडा दिसतोय का? दिसत असेल तर तोच तुमचा चोर. कडेतून सेंटिमीटरभर आतपर्यंतचा गाभा खरवडा, ती खाच इपॉक्सीने (भरणीची पूड कालवून घट्ट केलेल्या) भरा, वाळू द्या आणि मग मापाचं भोक पुन्हा पाडा. असं केलं की पुढे कधी सीलंट दगा दिलाच तर पाणी गाभ्यात शिरणार नाही.

३. बुचाला आणि ओव्हरफ्लोला बहुतेक ठिकाणी घरच्या पाण्याच्या टाकीचंच टँक निपल वापरलेलं असतं. त्यात काही गैर नाही, पण त्याचे आटे सरळ असतात. सरळ आट्यांवर टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळला तरी गळती थांबत नाही, कारण पाणी आटे अडवत नाहीत, वायसर अडवतं. रबरी वायसर निपलच्या रुंद तोंडाच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आत, पाण्याकडे. नटच्या बाजूला लावलेलं वायसर फक्त शोभेचं.

४. रबरी वायसर लावताय तर सीलंट लावू नका, सीलंट लावताय तर रबर नको. दोन्ही एकत्र लावले की आवळताना रबर घसरतं आणि एका बाजूने बाहेर पडतं. सपाट, गुळगुळीत भिंतीवर रबर पुरे. जुन्या खडबडीत भिंतीवर बोटींसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट चांगलं.

५. सीलंट लावून आवळताना भोवती सगळीकडून सारखी गोल वळी बाहेर आली की थांबा. पाइप पान्याने जोर काढून सगळं सीलंट बाहेर पिळलंत तर आत उरलं काय? प्लास्टिकची फिटिंग अशाने चिरतेसुद्धा, आणि ती चीर नटाखाली झाकलेली राहते.

६. हे सीलंट हवेतली आर्द्रता घेऊन वाळतं, दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर खोलीपर्यंत. वरून पापुद्रा धरला म्हणजे आतून झालं असं नाही. आठवडाभर पाणी भरू नका.

नळ्यांबद्दल थोडं. बागेचा हिरवा पाइप उन्हात कडक होऊन क्लिपखाली चिरतो, तो वापरू नका. आतून जाळी असलेली नळी घ्या, टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि चढवा. फिटिंगचा दांडा पुरेसा लांब असेल तिथं दोन क्लिपा लावा. क्लिप घेताना तिच्या स्क्रूला चुंबक लावून बघा. पट्टी स्टीलची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, अशा क्लिपा बाजारात भरपूर मिळतात, आणि आधी स्क्रूच गंजतो.

> सावधान: टाकीच्या आत पितळेची, तांब्याची किंवा गॅल्व्हनाइज्ड फिटिंग बसवू नका. तांबं आणि जस्त दोन्ही माशांना घातक, त्यात बोटुकलीला जास्त. हवं ते माप तयार मिळत नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडून ३१६ स्टीलचं निपल करून घ्या. नमुना म्हणून जुनं निपल सोबत न्या आणि भिंतीची जाडी मोजून सांगा.

फिटिंग झाल्या, सीलंट वाळलं की टप्पा २ पुन्हा करा. पाणी थांबलं तर रेझिन आणायची गरज नाही.

## टप्पा ५: फायबरची चीर

सगळ्या चिरा सारख्या नसतात. वरच्या रंगीत थरातल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायला वाईट, पण बहुधा गळत नाहीत. खरी चीर ओळखायची असेल तर टाकी नुकतीच रिकामी करून, पृष्ठभाग पुसून, चिरेशेजारी अंगठ्याने जोरात दाबा. चीर आरपार असेल तर तिच्या ओठातून पाण्याचा बारीक मणी वर येतो आणि अंगठा उचलला की परत आत जातो.

अशा चिरा सापडतात त्या तळ आणि भिंत जिथं मिळतात त्या काटकोनात. वजनाने तळ खाली वाकतो, भिंत जागची हलत नाही, ताण सगळा कोपऱ्यावर. म्हणून नुसती चीर भरून भागत नाही. तळाखालचा आधार कुजला किंवा सुटला असेल तर तो आधी नीट करा, नाहीतर नवा लेपही त्याच रेषेत फाटेल.

लेप कुठल्या बाजूने? आतून. टाकीतलं पाणी भिंतीला बाहेर ढकलतं, त्यामुळे आतला लेप भिंतीवर दाबला जातो आणि बुडाच्या बाजूने लावलेला लेप सोलून काढला जातो. पाणी बुडाशी दिसतं म्हणून तिथं लेप लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. बाहेरून एखादा जादा थर बळकटीला दिलात तर हरकत नाही, पण पाणी अडवायचं काम आतल्या थराचं.

पॉलिस्टर की इपॉक्सी? जुन्या, पूर्ण मुरलेल्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर रसायनाने जोडलं जात नाही, फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. इपॉक्सीची पकड त्याहून बरीच चांगली. म्हणून गळक्या कोपऱ्यासाठी माझं मत इपॉक्सीला, महाग असली तरी. फक्त एक ध्यानात ठेवा: चॉप मॅटमधले तंतू ज्या चिकट द्रव्याने धरलेले असतात ते पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नाही. तेव्हा इपॉक्सीबरोबर विणलेलं काचकापड वापरा आणि मॅट पॉलिस्टरसाठी ठेवा. पॉलिस्टरच घेणार असाल तर आयसोफ्थॅलिक प्रकारचं मागा, ते पाण्यात जास्त टिकतं. दुकानात नुसतं 'रेझिन द्या' म्हटलं तर साधं हातात पडतं. मूर्तींचे फायबरचे साचे करणारे कारागीर ओळखीचे असतील तर त्यांना विचारून माल घ्या, ताजा माल कुठं मिळतो ते त्यांना माहीत असतं.

### लेप चढवायचा क्रम

१. आधी ॲसिटोन, मग ग्राइंडर. माशाची चिकटण आणि तेल अंगावर असताना घासलंत तर ते ओरखड्यांत खोल दाबलं जातं. पुसताना चिंधी दर फेरीला बदला.

२. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळणार नाही.

३. नुसती व्ही आकाराची खाच मारून भरू नका. चिरेपासून बाहेरच्या अंगाला पसरट उतार काढा, जाडीच्या १२ पट. भिंत ४ मिलिमीटर असेल तर चिरेच्या प्रत्येक बाजूला जवळपास ५ सेंटिमीटर. इतकं चांगलं फायबर घासून टाकायला हात आखडतो, पण लेपाची पकड त्या रुंदीतच असते. घासताना मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्या. काचेची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

४. धूळ झटका, पुन्हा ॲसिटोन, पूर्ण उडू द्या. यानंतर उघड्या हाताने जागेला शिवू नका.

५. कोपऱ्यात घट्ट केलेल्या रेझिनची गोलाई द्या, अंगठ्याच्या गोलाईइतकी. काटकोनात कापड किंवा मॅट कधीच नीट बसत नाही, मागे हवा राहते, आणि त्याच पोकळीतून पुढची गळती सुरू होते.

६. तुकडे आधीच कापून क्रमाने मांडून ठेवा. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर पॉलिस्टरमध्ये वाळल्यावर साधारण १ मिलिमीटर होतो, म्हणजे ४ मिलिमीटरला चार थर. मी सगळ्यात मोठा तुकडा आधी लावतो आणि वर लहान होत जाणारे, म्हणजे मोठा तुकडा घासलेल्या सगळ्या जागेला थेट धरतो. काही कारागीर उलट करतात, त्यांचंही काम टिकतं. सगळे तुकडे एकाच मापाचे मात्र नकोत.

७. मिश्रण वजनावर करा, अंदाजावर नाही. पॉलिस्टरमध्ये कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) १ ते २ टक्के: ५०० ग्रॅम रेझिनला ५ ते १० ग्रॅम. गरमीत एक टक्क्याच्या जवळ राहा. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर असेल तेच. 'लवकर वाळावं' म्हणून हार्डनर जास्त घातलंत तर इपॉक्सी लवकर वाळत नाही, कायमची रबरासारखी राहते. एका वेळी थोडंच कालवा आणि उथळ ट्रेमध्ये पसरा. खोल डब्यात ठेवलेलं मिश्रण स्वतःच तापतं, धुरावतं.

> सावधान: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा, म्हणजे तो प्रश्नच येणार नाही. कॅटॅलिस्ट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. भरपूर स्वच्छ पाणी शेजारी ठेवा, गेलंच तर लगेच धूत राहा आणि दवाखाना गाठा. विडी-सिगारेट लांब.

८. आधी जागेवर रेझिनचा हात, मग तुकडा, मग ब्रशने टिपत टिपत भिजवा. ब्रश ओढू नका, तंतू सरकतात. रोलर मधून बाहेर फिरवा. पांढरट दिसतं तिथं सुकं किंवा हवा आहे. सगळं एकसारखं पारदर्शक दिसलं पाहिजे. पॉलिस्टर मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नाही, उलट लेप ठिसूळ होतो.

डोंगराच्या अंगाला ढग दाटायला लागले तर नवा थर सुरू करू नका. थर अर्धवट राहिला तरी वाळल्यावर घासून पुढे जाता येतं, भिजलेला मात्र सगळा काढावा लागतो.

## टप्पा ६: मुरू द्या, धुवा, रंग द्या

इपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर कधी कधी मेणचट पापुद्रा येतो. तो ॲसिटोनने नाही, साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने निघतो. तो न काढता वर रंग दिला तर पोपडे सुटतात. पॉलिस्टरवर शेवटचा हात मेण मिसळलेल्या टॉपकोटचा द्या. साधा जेलकोट (फायबरवरचा रंगीत थर) उघड्या हवेत चिकट राहतो. इपॉक्सीवर पॉलिस्टर जेलकोट धरत नाही, तिथं पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सी रंग वापरा. तळाला फिकट रंग दिला तर पुढची चीर लवकर दिसते.

किमान आठवडा कोरडं मुरू द्या. त्यानंतर टाकी भरा, दिवसभर ठेवा, ओता. पुन्हा भरा. झाकण दोन तास बंद ठेवून उघडल्यावर रेझिनचा वास येत असेल तर मासळीला तो आधी लागणार आहे. वास पूर्ण जाईपर्यंत हे चालू ठेवा. हे पाणी जलाशयात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ॲसिटोनच्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा, गोळा करून कोपऱ्यात टाकू नका.

## टप्पा ७: पुन्हा तीच परीक्षा, मग पाण्यात

टप्पा २ मधल्याच खुणा, तीच बादली, तसंच झाकण. रात्रीत टाकी आणि बादली यांच्या उतारात फरक नसेल तर पास. फरक असेल तर आधी लिहिलेल्या आकड्याशी ताडा. गळती घटली पण थांबली नाही, याचा अर्थ बहुधा एकच: भोकं दोन होती आणि तुम्ही मोठं बंद केलंत. पातळी आता कुठल्या उंचीला थांबते ते बघा.

मग टाकी भरून बोट काठाजवळ फिरवा. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी टाकी वळणावर एका अंगाला झेपावते आणि लहान बोट कलंडवू शकते. लाइफ जॅकेट घाला. तासाभराने बुड बघा.

पहिल्या खेपेला महागडी बोटुकली घालू नका. थोडे साधे मासे रात्रभर हवा चालू ठेवून टाकीत ठेवा. सकाळी ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर टाकी अजून धुवायची आहे. या परीक्षेला मरळ वापरू नका. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे खराब पाण्यातही तग धरते आणि तुम्हाला खोटा दिलासा देते.

बोट पावसाळ्यासाठी उभी करताना बूच काढून, बोट थोडी मागे कलती ठेवा आणि बूच वायसरसकट पिशवीत घालून इंजिनाच्या किल्लीला बांधा.